गाडी पिळायची, पण किती? नाशिकच्या टर्बोवाल्यांसाठी

गाडी पिळायची म्हणजे इंजिन पूर्ण दमात चालवायचं, तर ते किती? ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. इंजिन नीट गरम झालंय, ऑइल लेव्हल बरोबर आहे, ब्रेक आणि टायर धड आहेत, तर गाडी रेडलाइनपर्यंत (आरपीएम मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत) खुशाल न्या, दहा-पंधरा सेकंदांनी काही तुटत नाही. गाडीची वाट लागते ती थंड इंजिनाला रेस दिली की, किंवा तापलेलं इंजिन खाडकन बंद केलं की, किंवा तोच मार सलग वीस मिनिटं चालू ठेवला की. आता निवांत.

नाशकात हल्ली व्हर्टस जीटी, स्लाव्हिया १.५, वर्ना टर्बो, आय२० एन लाइन अशा गाड्या बऱ्याच दिसतात, कुणाकडे सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस, कुणाकडे बीएमडब्ल्यू एम३४०आय. आणि मालक दोन प्रकारचे. एक तो ज्याने १५० घोड्यांची गाडी घेतली आणि आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा कधी अडीच हजाराच्या वर जाऊ दिला नाही, कारण "इंजिन खराब होईल". दुसरा सकाळी पार्किंगमधून निघाल्या निघाल्या सोसायटीच्या गेटवरच पाच हजारावर. खरं सांगू का, मला दुसऱ्याच्या गाडीची जास्त काळजी वाटते, पण पहिल्याची पण गाडी काही फार सुखात नसते, ते पुढे येईलच. आणि सल्ले देणारे तर आपल्याकडे गल्लोगल्ली, अर्ध्या शहरातला कुणी ना कुणी महिंद्रात नाहीतर सातपूरच्या मायकोत होता, त्यामुळे प्रत्येकाच्या घरी एक काका असतातच ज्यांचं इंजिनाबद्दल ठाम मत असतं. काकांचं ऐका, पण काकांचं ज्ञान बऱ्याचदा जुन्या डिझेलचं असतं एवढं लक्षात असू द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, गरम होणे. डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तयार, असं बहुतेकांना वाटतं. तो काटा कूलंटचा असतो. कूलंट पाच-सहा मिनिटांत नव्वद डिग्रीला जातं, पण इंजिन ऑइलला तिथपर्यंत यायला साधारण दहा ते पंधरा मिनिटं चालवावं लागतं, थंडीत जास्तच. साधं ५डब्ल्यू-३० ऑइल १०० डिग्रीला जेवढं पातळ असतं त्याच्या पाच-सहा पट घट्ट ते ४० डिग्रीला असतं, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या बाजूला पहाटे पारा एक आकडी होतो तेव्हा तर विचारूच नका, खोबरेल तेलाची बाटली जशी उन्हात ठेवावी लागते तशी गत. घट्ट ऑइल बारीक वाटांमधून हळू जातं, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि त्याच वेळी पिस्टन, रिंगा, सिलिंडर हे सगळे वेगवेगळ्या गतीने फुगत असतात, त्यांच्यातली फट अजून ठरलेल्या मापाला आलेली नसते. अशा वेळी पाच हजार आरपीएम म्हणजे फुकटची झीज, ती लगेच दिसत नाही, ८०-९० हजार किलोमीटरला गाडी ऑइल खायला लागली की दिसते.

मग करायचं काय, तर स्टार्ट करा, अर्धा मिनिट थांबा, निघा. दहा मिनिटं जागेवर घुरघुर करत उभं करायची गरज नाही, उलट थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. हळू चालवत गरम करा. पहिली दहा-बारा मिनिटं अडीच-तीन हजाराच्या आत, पॅडल अर्ध्याच्या खाली. गंगापूर रोडवरून निघालात तर हायवेला लागेपर्यंत सिग्नल आणि रिक्षा मिळून हे काम आपोआप करूनच घेतात. गाडीत ऑइल टेम्परेचर दाखवायची सोय असेल तर ते स्क्रीनवर लावून ठेवा, बऱ्याच व्हीडब्ल्यू-स्कोडात आणि बीएमडब्ल्यूत मेनूमध्ये ते लपलेलं असतं. ८० डिग्रीच्या वर गेलं की मोकळीक. जुन्या बीएमडब्ल्यू एम गाड्यांच्या आरपीएम मीटरवर तर थंड असताना वरच्या आकड्यांशी लाल-पिवळे दिवे लागायचे आणि ऑइल तापेल तसे एकेक विझायचे, म्हणजे गाडीच सांगायची आत्ता इथपर्यंतच. फार सुंदर सोय होती, सगळ्यांनी द्यायला पाहिजे होती.

आता गरम झाली, मग किती? रेडलाइन ही कंपनीने ठरवलेली हद्द आहे आणि तिथे पोचल्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल कापतो (हाच लिमिटर), त्यामुळे पुढे जाताना तुम्ही पॅडलने इंजिन त्याच्या पलीकडे नेऊच शकत नाही. पण हद्दीच्या आत सगळं सारखंच असतं असंही नाही. पिस्टन वर-खाली थांबवण्या-पळवण्याचा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ३००० चं ६००० केलं की दुप्पट नाही, चौपट. ६००० वरून ७००० ला गेलात तर छत्तीस टक्के जास्त. म्हणून वर पोचणं आणि वर राहणं यात फरक आहे. ओव्हरटेकला तिसऱ्यात साडेपाच-सहा हजारापर्यंत ओढली, पुढचा गिअर टाकला, झालं, त्यासाठीच तर ते इंजिन बनलंय. पण लिमिटरवर धडधड धडधड करत धरून ठेवणं, किंवा न्यूट्रलला उभ्या गाडीत मित्रांना आवाज ऐकवायला रेस देणं, यात कुणाचं काय भलं होतं मला अजून कळलेलं नाही.

आणि एक गंमत सांगतो, फुल इंजिन वापरायला फार वेग लागतच नाही. दुसऱ्या गिअरला रेडलाइनपर्यंत नेलं की बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्या ८०-१०० च्या घरात असतात. सिन्नरकडून किंवा इगतपुरीकडून समृद्धीवर चढताना तो जो रॅम्प असतो, तिथे मागे-पुढे कुणी नसेल तर दुसरा पूर्ण, तिसरा थोडा, आणि १२० च्या मर्यादेत सहज शिरता, सगळं कायद्यात आणि मजा पण पूर्ण. त्याच्या पुढचा जो वेग आहे त्याने इंजिनाचं काही होत नसलं तरी टायरचं होतं, ते खाली.

मॅन्युअलवाल्यांना एक धोका जास्त. वर म्हटलं लिमिटर वाचवतो, पण तो फक्त पेट्रोल कापून वाचवतो. तिसऱ्यातून चौथ्यात जायचं आणि हात घाईत दुसऱ्यात गेला, क्लच सोडला, की चाकं इंजिनाला ओढून आठ-नऊ हजाराला नेतात आणि तिथे ईसीयू काहीच करू शकत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भेटतात. मनगट सैल ठेवून गिअर टाकायचा, दांडा मुठीत आवळायचा नाही, स्प्रिंगच त्याला मधल्या लाइनला आणते. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स असा चुकीचा गिअर घेतच नाही.

आता अडीच हजारवाल्या सज्जनांकडे. गाडी हळू चालवणं म्हणजे गाडी जपणं असं सरसकट नसतं. कसारा चढताना ट्रकच्या मागून निघायचं, गाडी सहाव्यात, १३०० आरपीएम, आणि पाय पूर्ण दाबला. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनाला हे अजिबात आवडत नाही. कमी आरपीएम आणि जास्त लोड असला की ऑइलचे बारीक थेंब किंवा कार्बनचे कण स्पार्कच्या आधीच पेट घेतात, याला एलएसपीआय म्हणतात, आणि एखादा जोरदार झटका पिस्टनची रिंग बसायची जागाच तोडू शकतो. यावर उपाय दोन. गिअर खाली टाका, दोन हजाराच्या वर आणा आणि मग दाबा. आणि ऑइल एपीआय एसपी दर्जाचं किंवा कंपनीने मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नंबरचं वापरा, कारण नव्या ऑइलांमध्ये याच त्रासासाठी रसायन बदललेलं आहे. डब्यावर लिहिलेलं असतं, गॅरेजवाला ड्रममधून ओतत असेल तर डबा दाखव म्हणा.

दुसरं, इंदिरानगर ते कॉलेज रोड आणि परत, एवढीच रोजची फेरी असेल तर ऑइल पूर्ण तापतच नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास हायवेला न्या आणि गरम झाल्यावर दोन-चार वेळा काटा वर जाऊ द्या. याने इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन निघतो असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल त्या व्हॉल्व्हला लागतच नाही तर धुणार कुठून.

पेट्रोलचं थोडक्यात. झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर ९५ लिहिलं असेल तर ९५ वालंच भरा, विशेषतः गाडी पिळायचा बेत असेल तेव्हा. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर टायमिंग मागे घेतो, स्पार्क उशिरा पडतो, म्हणजे गाडी स्वतःला वाचवते पण ताकद जाते आणि एग्झॉस्ट जास्त तापतो. स्टॉक गाडीत १०० ऑक्टेन घालून मात्र फार काही मिळत नाही, ते पैसे मिसळीवर खर्च करा.

टर्बो. पूर्ण दमात टर्बोची गरम बाजू नऊशे डिग्रीच्या आसपास जाते आणि शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारत असतो, ऑइलच्या पातळ थरावर. घाट चढून आलात, धाब्यावर वळलात, लगेच बटण दाबून बंद केलं, तर ऑइलचा पुरवठा थांबतो आणि जे आत राहिलं ते तिथेच जळून काळं कडक होतं. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही कूलंट फिरवणारा इलेक्ट्रिक पंप बऱ्याचदा असतो, म्हणून पूर्वीएवढं भ्यायचं कारण नाही. तरी शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांतपणे आणा. घोटीचा टोलनाका ओलांडून शहरात शिरेपर्यंत आरामात चालवली तर पार्किंगमध्ये वेगळं थांबायची गरजच नाही. आणि पिळून आल्यावर ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद ठेवा, नाहीतर पहिल्याच सिग्नलला ते बरोबर नको ते काम करतं.

आता ब्रेक, कारण खरं तर इंजिनाआधी हेच हात टेकतात. १५०० किलोची गाडी १२० वरून थांबवायची म्हणजे आठ लाख ज्यूलच्या वर ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता म्हणून जाते, आणि ६० वरून थांबवण्याच्या चौपट आहे ही. एकदा ठीक. कसारा उतरताना प्रत्येक वळणाला तेच केलं की डिस्क तापते, पॅड तापतात, आणि मग ब्रेक ऑइल. डॉट ४ ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीला उकळतं पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी धरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ आहे. उकळलं की लाइनमध्ये वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणजे पॅडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. आपल्याकडे पावसाळा चार महिने, आणि ब्रेक ऑइल बदलायचं असतं हेच अर्ध्या लोकांना माहीत नाही. दर दोन वर्षांनी बदला, जोरात चालवणारे असाल तर वर्षाला. खर्च एका चांगल्या जेवणाएवढा.

घाट उतरताना गिअर खाली, इंजिन ब्रेकिंग, आणि ब्रेक मारायचा तर थोडा वेळ ठाम मारून सोडायचा, पाय नुसता टेकवून ठेवायचा नाही. पॅडल मऊ लागायला लागलं, जळका वास आला, तर पुढच्या मोकळ्या पट्ट्यात हळूच ब्रेक न वापरता गाडी चालती ठेवा, वारा लागला की थंड होतात. तापलेल्या ब्रेकवर गाडी थांबवून पाय दाबून उभं राहिलं तर पॅडचं मटेरियल डिस्कवर एकाच जागी चिकटतं आणि मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. हँडब्रेक पण तेव्हा लावू नका, गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि तापलेल्या डिस्कवर वॉशिंग सेंटरचं पाणी नको.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर ऑटोमॅटिक म्हणजे सगळं एक नाही. व्हर्टस-स्लाव्हिया १.५ मध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे, त्याची टॉर्क सोसायची क्षमता २५० एनएम आणि इंजिन पण २५० एनएमच देतं. म्हणजे कंपनीतूनच ग्लास काठोकाठ भरून आलाय, आणि लोक त्यावर स्टेज वन रिमॅप करतात (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात) आणि मग क्लचला शिव्या घालतात. या ड्राय क्लचला पिळण्यापेक्षा द्वारका सर्कलचा ट्रॅफिक जास्त मारतो, एकेक फूट सरकत राहिलं की क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. पुढची गाडी दोन-तीन गाड्यांएवढी पुढे जाऊ द्या मग एकदम जा, मागचा हॉर्न मारेल, मारू दे. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये ऑइलमध्ये बुडालेले क्लच आहेत, ते जास्त सोसतात पण त्याचं ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलायला लागतं, जुनी घेताना हे बिल मागाच. बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर या सगळ्यात सोशिक.

लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या गाडीतून पूर्ण जोरात सुटायची सोय. आहे म्हणून रोज वापरायचं नसतं. उभ्या गाडीतून पूर्ण ताकद एका झटक्यात क्लच, ड्राइव्हशाफ्ट, इंजिन माउंट सगळ्यांवर येते. निसान जीटी-आर नवीन आली तेव्हा लोकांनी स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करून लाँच मारले, गिअरबॉक्स गेले, वॉरंटीवरून भांडणं झाली आणि शेवटी कंपनीने प्रोग्रॅमच बदलला. वर्षातून चार वेळा पाहुण्यांना दाखवायला ठीक, तेही लागोपाठ नाही, मध्ये पाच-दहा मिनिटं साधी चालवून.

टायर. हवा थंड असताना चेक करायची, घरून निघून जवळच्याच पंपावर. चालल्यावर चार-पाच पीएसआय आपोआप वाढतं, ते बघून हवा काढणारे महाभाग आहेत, तसं करू नका. समृद्धीवर एप्रिल-मे मध्ये दुपारी, काँक्रीट तापलेलं, सलग शंभर-एकशेवीसने तासभर, आणि टायरमध्ये हवा कमी, तर साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि आतून तापत जातो, फुटतो तो असा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर कितीही नक्षी शिल्लक असली तरी जोरात चालवायला नको. स्पीड रेटिंग बघा, एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. स्वस्तात बसवलेला खालच्या रेटिंगचा टायर आणि वर साडेतीनशे घोड्यांची गाडी, हे मी सेकंडहँडमध्ये नेहमी बघतो. आणि पावसाळ्यात मुंबई हायवेच्या खड्ड्यांत चाळीस प्रोफाइलचा (बारीक साइडवॉलचा) टायर आणि रिम दोन्ही जातात, ऑइल चेंबर फुटला तर इंजिन पण, तिथे गाडी पिळायचा विषयच काढू नका.

नव्या गाडीला रनिंग-इन (सुरुवातीला बेताने चालवणं) असतं आणि ते अजूनही खरं आहे. मॅन्युअल बघा, बीएमडब्ल्यू एम गाड्यांना तर २००० किलोमीटरला खास सर्व्हिस असते, पोर्शे ३००० किलोमीटर सांगते. तोपर्यंत आरपीएम मध्यम, पण एकाच वेगात क्रूझ लावून नागपूर गाठू नका, वेग कमी-जास्त होत राहू द्या. पॅड आणि टायरलाही पहिले दोन-तीनशे किलोमीटर द्या. सेकंडहँड घेतली असेल तर उलटा विचार, पिळायच्या आधी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, प्लग, टायर हे सगळं नवीन करून घ्या, आधीच्याने काय केलं होतं त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

इंजिन ऑइल बदलायला काही कंपन्या १५,००० किलोमीटरला सांगतात, तुम्ही जोरात चालवता तर साडेसात-आठ हजाराला बदला. मधे डिपस्टिक बघत जा, वरच्या आरपीएमला टर्बो इंजिन थोडं ऑइल खातंच, आणि लेव्हल कमी असताना लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो. ऑइल टेम्परेचर १२० पर्यंत ठीक, १३० दिसलं की पाय काढा.

शेवटी जागा. सप्तशृंगीच्या वाटेवरचा नांदुरीचा घाट, त्र्यंबक रोड, गंगापूर धरणाकडचा रस्ता, इथे नाही. भाविक, पोरं, बैलगाड्या, द्राक्षाचे ट्रॅक्टर. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्यांदाच तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खरंच बघायचं असेल गाडी काय करते तर ट्रॅक, आपल्याला सगळ्यात जवळ पुण्याकडे तळेगावजवळचा नानोली, सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात होतं. ट्रॅकवर मात्र वरचं दहा-पंधरा सेकंदांचं गणित बदलतं, तिथे स्टॉक गाडीने एक लॅप गरम करायला, तीन-चार जोरात, एक थंड करायला, की बाहेर, बॉनेट उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं विश्रांती. गरम टायरची हवा तिथे बघून ठेवा, चाकाचे नट परत आवळा, पॅड किती राहिले बघा, कारण त्याच गाडीने संध्याकाळी सिन्नर मार्गे घरी यायचंय. आणि पॉलिसी आधी वाचा, रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग साध्या मोटार विम्यात बसत नाही, ट्रॅकवर भिंतीला लागली तर तो खर्च पूर्ण तुमचा.